पोरगा परत येतोय: नशा आणि गुन्ह्यातून घरी परतणाऱ्या मुलांच्या घरच्यांचे नेहमीचे प्रश्न

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांतले आईबाप, आजी, मामा, शिक्षक, कधी गावचे पोलीस पाटील आम्हाला हे प्रश्न विचारतात. फोनवर बहुतेकांचं पहिलं वाक्य एकच असतं: "ताई, मना आंडोर तसा नई शे" (माझा मुलगा तसा नाही). आम्ही ते खरं मानूनच पुढे बोलतो. इथे ज्याला आम्ही 'पोरगा' म्हणतोय त्याला सरकारी कागदात 'विधिसंघर्षग्रस्त बालक' म्हणतात. अठरा पूर्ण होण्याआधी ज्याच्या हातून गुन्हा घडला, किंवा घडल्याचा आरोप आहे, असं मूल. आमच्याकडे येतात त्यांत मोबाइल हिसकावणारे, मोटारसायकल उचलणारे, मारामारीत सापडलेले जास्त. खोदून विचारलं की बऱ्याच चोऱ्यांच्या मुळाशी नशेचा रोजचा खर्च निघतो.

पोरगा परवा निरीक्षणगृहातून (चौकशी चालू असताना मुलांना ठेवतात तिथून) सुटतोय. पहिल्या दिवशी काय करायचं?

आणायला घरच्याच माणसाने जावं. शेजाऱ्याला किंवा वकिलाच्या कारकुनाला पाठवू नका. निघण्याआधी तिथून कागद मागून घ्या: बाल न्याय मंडळाच्या आदेशाची प्रत, पुढच्या तारखेची चिठ्ठी, दवाखान्याचा केसपेपर, चालू गोळ्यांची नावं. हे सगळं एका पिशवीत, आणि ती पिशवी घरात कुठे ठेवलीय ते दोन माणसांना माहीत हवं. आमच्या अनुभवात निम्मी धावपळ कागद हरवल्याने होते.

घरी नेहमीचं जेवण करा. नातेवाईक गोळा करू नका, आणि त्या रात्री हिशोब काढू नका. वकिलाला किती गेले, वावर कोणाकडे गहाण पडलं, बहिणीचं स्थळ कसं मोडलं, हे त्याला कळायला हवं हे खरं, पण आठ-दहा दिवसांनी, दिवसा, शांतपणे.

अमळनेर तालुक्यातल्या एका घरी मी पोराबरोबर गेले होते. आईने त्याच सकाळी लोखंडी पेटीला नवं कुलूप लावलं होतं. किल्ली पदराला बांधलेली. पोराने आत येताच ते कुलूप पाहिलं, पाणी प्यायला आणि पेटीकडे पाठ करून बसला. तासभर कोणी बोललं नाही. मग आजीने कमरेच्या पिशवीतून शंभराची नोट काढली आणि दूध आणायला त्यालाच पाठवलं. तो परत आला, आजीच्या तळहातावर एकेक नोट, एकेक नाणं मोजून ठेवलं. आजीने मोजलं नाही. तशीच मूठ मिटली आणि म्हणाली, "चहा टाक आता."

आईने कुलूप लावलं यात तिचं काही चुकलं नाही. घरातून पैसे गेलेले असतात, ती माणसं घाबरलेली असतात. आमचं म्हणणं एवढंच की जपून ठेवायचं ते तो यायच्या आधी, गाजावाजा न करता ठेवा, आणि त्याच दिवशी विश्वासाचं एक छोटं काम त्याच्या हातात द्या. शंभर रुपये बुडाले तर शंभरच बुडतील.

जामीन मिळाला म्हणजे केस मिटली ना?

नाही. हा गैरसमज सगळ्यात महागात पडतो. जामिनावर सुटलेल्या पोराला तारखेला हजर राहावंच लागतं.

गुन्हा घडला त्या दिवशी वय अठराच्या आत असेल तर २०१५ चा बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम लागतो. सुनावणी बाल न्याय मंडळापुढे होते. मंडळात एक न्यायदंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते असतात, त्यांतली निदान एक महिला. चौकशी पहिल्या हजेरीपासून चार महिन्यांत संपवायची असते, फार तर आणखी दोन महिने वाढतात. गुन्हा किरकोळ असेल आणि तेवढ्यातही चौकशी संपली नाही, तर ती तिथेच थांबते. हे वकिलाला विचारा, कारण घरच्यांनी आठवण दिल्याशिवाय पुष्कळदा हा मुद्दा निघतच नाही.

मंडळ समज देऊन सोडू शकतं, समाजसेवा करायला लावू शकतं, तीन वर्षांपर्यंत परिविक्षेवर (म्हणजे घरीच, पण देखरेखीखाली) ठेवू शकतं, किंवा तेवढ्याच मुदतीसाठी विशेष गृहात पाठवू शकतं. शाळेत जा, धंदेशिक्षण घे, अमुक ठिकाणी फिरकू नको, व्यसनमुक्तीचा कार्यक्रम पूर्ण कर, असे जोड आदेशही देतं. व्यसनमुक्तीचा आदेश आला की आईबापांचे चेहरे पडतात. आम्ही उलट सांगतो, मंडळाने स्वतःहून दिला नाही तर तुम्ही मागा.

वकिलाला पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा किंवा १५१०० वर फोन करा. मुलांना तिथे मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही.

मोठ्या प्रमाणातल्या मालाचं प्रकरण मात्र वेगळं आहे. गांजा २० किलोच्या वर किंवा एमडी (मेफेड्रोन) ५० ग्रॅमच्या वर सापडला की कायदा त्याला व्यापारी प्रमाण म्हणतो आणि किमान शिक्षा दहा वर्षांची आहे. पोरगा सोळा ते अठराच्या मधला असेल तर अशा गुन्ह्यात मंडळ आधी प्राथमिक मूल्यांकन करतं (मोठ्या माणसासारखा खटला चालवायचा का, याचं) आणि प्रकरण बाल न्यायालयात जाऊ शकतं. इथे पहिल्या दिवसापासून चांगला वकील लागतो.

पोरगा एकोणीस वर्षांचा आहे. मग सगळं संपलं?

संपलं नाही. खटला मोठ्यांच्या कोर्टात चालतो, पण १९५८ च्या अपराधी परिविक्षा अधिनियमाप्रमाणे एकवीसच्या आतल्या तरुणाला, जन्मठेपेची तरतूद असलेले गुन्हे सोडून, तुरुंगात पाठवायचं असेल तर कोर्टाला त्याची कारणं लिहावी लागतात. नशेच्या सेवनाचा किंवा अल्प प्रमाणात माल सापडल्याचा गुन्हा असेल (गांजा १ किलोपर्यंत, एमडी २ ग्रॅमपर्यंत), तर १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यात कलम ६४-अ आहे. पोरगा स्वतःहून सरकारमान्य ठिकाणी उपचाराला गेला आणि ते पूर्ण केले तर त्याच्यावर खटला चालत नाही. उपचार अर्धवट सोडले तर ही सवलत काढून घेता येते.

संस्थेतच अठरा पूर्ण झालेल्या पोराला बाहेर आधार नसेल तर अनुरक्षण सेवेबद्दल (संस्थेतून बाहेर पडल्यावर मिळणारा आधार) जिल्हा महिला व बाल विकास कार्यालयात विचारा. ती एकविसाव्या वर्षापर्यंत, विशेष परिस्थितीत तेविसाव्यापर्यंत मिळू शकते.

त्याच्यावर कायमचा शिक्का बसला का? पुढे भरतीला, नोकरीला अडेल?

कायद्याने शिक्का बसत नाही. बाल न्याय कायद्याखाली दोषी ठरलेल्या मुलाला त्यामुळे कोणतीही अपात्रता येत नाही आणि ठराविक काळानंतर नोंदी नष्ट करायच्या असतात. मिटलेल्या केसची माहिती पोलिसांनी चारित्र्य पडताळणीत द्यायची नसते. अपवाद एकच: सोळा वर्षांवरच्या ज्या मुलावर घोर गुन्ह्यासाठी बाल न्यायालयाने मोठ्या माणसासारखा खटला चालवला, त्याला ही सवलत नाही.

गावाचा शिक्का मात्र कायद्याला विचारून बसत नाही. ग्रामपंचायतीच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर पोराचा फोटो फिरतो, खाली 'सावध राहा' असं लिहिलेलं. अशा मुलाचं नाव, फोटो, शाळा, पत्ता छापणं किंवा पसरवणं हा गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आम्ही सहसा आधी ग्रुपच्या ॲडमिनला भेटतो, कायद्याचं कलम ७४ दाखवतो, आणि बहुतेक जण तिथल्या तिथे फोटो काढून टाकतात. नाही काढला तर स्क्रीनशॉट घेऊन पोलीस ठाण्यातल्या बाल कल्याण पोलीस अधिकाऱ्याकडे जा. असा एक अधिकारी प्रत्येक ठाण्यात नेमलेला असतो.

परिविक्षा अधिकारी घरी येऊन गेले. त्यांना पोराच्या नशेबद्दल खरं सांगायचं का?

सांगा. पुष्कळ घरं लपवतात. "सिगारेट सुद्धा ओढत नाही" असं अहवालात लिहून जातं, मग मंडळाला वाटतं हा केवळ उनाडपणा. व्यसनमुक्तीचा आदेश निघत नाही, पोरगा घरी येतो आणि महिन्याच्या आत पुन्हा तोच गुन्हा करून उभा राहतो.

परिविक्षा अधिकारी सामाजिक तपासणी अहवाल लिहितात. घरात कोण कमावतं, बाप पितो का, पोरगा शाळेतून कधी सुटला, कोणाबरोबर फिरतो, हे सगळं त्यात येतं. मंडळ निर्णय देताना हा अहवाल समोर ठेवतं. म्हणून तुमच्या बाजूचं चांगलंही सांगा. पोरगा केळीचे घड वाहायला जायचा, आजीला सिव्हिलला न्यायचा, आठवीत गणितात बरे मार्क होते, हे सगळं बोला. लाजेने गप्प बसलेल्या बापाचं घर कागदावर 'दुर्लक्ष करणारं कुटुंब' म्हणून उतरतं, आणि मला ते वाचून फार वाईट वाटतं, कारण मी त्या बापाला मंडळाच्या दारात चार-चार तास उन्हात उभा पाहिलेला असतो.

तो नेमकं काय घेत होता ते आम्हाला कसं कळणार?

आधी त्यालाच विचारा, आवाज न चढवता. 'किती दिवसांपासून' यापेक्षा 'शेवटचं कधी आणि काय' हे विचारणं डॉक्टरांच्या कामाचं असतं.

आमच्या भागात दिसतं ते असं. गांजा सगळीकडे पोचतो. सातपुड्याच्या पायथ्याला, विशेषतः शिरपूरच्या बाजूला, गांजाची झाडं पोलिसांनी उपटल्याच्या बातम्या दरवर्षी असतात. लहान मुलं पंक्चरचं सोल्यूशन, थिनर, व्हाइटनर रुमालावर किंवा प्लास्टिकच्या पिशवीत घेऊन ओढतात. भुसावळसारख्या मोठ्या जंक्शनवर फिरणाऱ्या पोरांच्या हातात हेच जास्त. कुठल्याही दुकानात मिळतं, स्वस्त आहे. केंद्र सरकारने एम्सकडून करून घेतलेल्या आणि २०१९ साली जाहीर झालेल्या देशव्यापी पाहणीत, मोठ्यांपेक्षा मुलांमध्ये जास्त आढळलेला पदार्थ हा एकच होता: १० ते १७ वयात १.१७ टक्के, मोठ्यांत ०.५८ टक्के. घरचे याला नशा धरतच नाहीत, "वास घेतो फक्त" म्हणतात. पण याने मेंदू आणि नसा बिघडतात, आणि क्वचित एखाद्याच ओढीत हृदय बंद पडू शकतं.

धुळे-मालेगावकडे 'कुत्ता गोळी' हे नाव सगळ्या पोरांना ठाऊक आहे. ती बहुधा झोपेची किंवा घबराटीवरची गोळी असते, अल्प्राझोलमच्या जातीची. ती खाल्लेल्या पोराला आपण काय केलं ते दुसऱ्या दिवशी आठवत नाही. मारामारीच्या केसमध्ये हा पोरगा "मला माहीत नाही" म्हणतो ते कधीकधी अगदी खरं असतं. कोडीनचं कफ सिरप आणि शहरांत एमडी हेही आहे. आणि दारू. दारूला लोक यादीत धरत नाहीत म्हणून मुद्दाम लिहिलं.

मांडीवर हात मारून सांगतो, कोंडून ठेवलं की आठ दिवसांत सुटेल. चालेल ना?

असं म्हणणारे काका-मामा प्रत्येक घरात असतात. त्यांना हे वाचून दाखवा.

गांजा बंद केला की चिडचिड, झोप न येणं, भूक मरणं हे एक-दोन आठवडे चालतं. त्रास होतो, पण बहुधा जिवावर बेतत नाही. रोजची दारू आणि रोजच्या झोपेच्या गोळ्या यांचं तसं नाही. त्या एकदम तोडल्या तर झटके येतात. दारूत शेवटच्या पेल्यानंतर दोन-तीन दिवसांनी माणूस बरळायला लागतो, नसलेलं दिसायला लागतं, थरथर सुटते, आणि ही अवस्था प्राणघातक असू शकते. गोळ्या तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळूच उतरवाव्या लागतात.

कोंडलेल्या खोलीत पोराला झटका आला आणि बाहेरच्यांना 'नाटक करतोय' वाटलं, असं घडलेलं आम्ही पाहिलं आहे. तो वाचला, कारण त्याच्या लहान बहिणीने खिडकीतून बघून आरडाओरडा केला.

जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. मानसोपचाराच्या ओपीडीत केसपेपर काढा. जाण्याआधी फोनवर बोलायचं असेल तर १४४४६ ही केंद्र सरकारची व्यसनमुक्तीसाठीची मोफत हेल्पलाइन आहे. पोरगा जीव द्यायचं बोलत असेल, रात्री घाबरून उठत असेल, तर १४४१६ वर टेलिमानसला (सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन) लावा.

व्यसनमुक्ती केंद्र कसं निवडायचं?

आधी स्वतः जाऊन पाहा. गाडी पाठवून पोराला झोपेतून उचलून नेणारं केंद्र नको. मारहाण होते का, घरच्यांना भेटू देतात का, मानसोपचारतज्ज्ञ कोणत्या वारी येतात, नोंदणीचा कागद कुठे लावलाय, हे विचारा. विचारल्यावर समोरचा चिडला तर तेच उत्तर समजा.

पोरगा अठराच्या आतला असेल तर दोन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात दारू आणि ड्रग्जमुळे होणारे मानसिक त्रासही येतात. त्या कायद्याप्रमाणे भरती केलेल्या अल्पवयीन मुलाला मोठ्या पेशंटपासून वेगळं ठेवावं लागतं, आणि त्याच्याबरोबर घरचं किंवा घरच्यांनी नेमलेलं माणूस पूर्ण काळ राहावं लागतं. साखळीने बांधणं तर कोणत्याही वयाच्या माणसाला चालत नाही. चाळिशीतल्या बारा पियक्कडांच्या खोलीत पंधरा वर्षांचं पोर झोपवणारी जागा कितीही स्वस्त असली तरी तिथून उठून या.

केंद्र सरकारच्या अनुदानावरची केंद्रं मोफत असतात. जवळचं कोणतं ते १४४४६ वर सांगतात.

सहा महिने चांगला होता, परवा परत ओढून आला. सगळं वाया गेलं?

नाही. या कामात त्याला 'स्लिप' म्हणतात, आणि मुक्तांगणसारख्या केंद्रांच्या बोलण्यातून तो शब्द आता आपल्याकडच्या घरांतही रुळलाय. जुनाट दुखणं उलटतं तसं हे उलटतं. मधुमेहाच्या माणसाची साखर वाढली तर आपण त्याला घराबाहेर काढत नाही.

त्या रात्री नशेत असलेल्या पोराशी वाद घालू नका. त्याला कुशीवर झोपवा, श्वासाकडे लक्ष ठेवा. सकाळी विचारा: कोण भेटलं, कुठे, त्याआधी घरात काय झालं होतं. उत्तरात बहुधा माणूस, जागा आणि वेळ ठरलेली निघते. पगाराचा शनिवार, बाजाराचा दिवस, बापाशी झालेलं भांडण. पुढच्या वेळी त्या वेळेला तो एकटा नसेल एवढं बघायचं.

एक धोका मात्र सगळ्यांना माहीत हवा. गर्द किंवा कोडीनसारखी अफूच्या जातीची नशा करणारा पोरगा दोन-तीन महिने आत राहून आला की शरीराची सवय उतरलेली असते. तो जुन्याच मापाने घेतो आणि श्वास मंद होऊन जीव जाऊ शकतो. ओठ निळे, नखं निळी, हाक मारून जाग नाही असं दिसलं तर १०८ ला फोन करा. पोलिसांना कळेल म्हणून थांबू नका.

लघवीच्या तपासणीबद्दलही लोक विचारतात. रोज भरपूर गांजा ओढणाऱ्याच्या लघवीत तो बंद केल्यावरही काही आठवडे दिसू शकतो. म्हणून घरी आल्यावर पंधराव्या दिवशी मेडिकलमधली पट्टी लावून "खोटारडा" म्हणायला जाऊ नका.

त्याला सुरतला मामाकडे पाठवून देऊ का?

धुळे-नंदुरबारकडचा हा पहिला विचार असतो. रात्री गाडीत बसवलं की सकाळी पोरगा नजरेआड. मी सरसकट नाही म्हणणार नाही. गल्लीच्या कोपऱ्यावरच माल विकला जात असेल तर जागा बदलल्याने खरंच फायदा होतो. पण जामीन किंवा परिविक्षा चालू असताना मंडळाला सांगितल्याशिवाय राज्याबाहेर पाठवलं तर तोच फरार ठरेल. परवानगीचा अर्ज साधा असतो, मामाचा पत्ता आणि आधार जोडून द्यायचा.

दुसरं, मामा त्याला सांभाळणार की नुसता खोलीवर ठेवणार? दहा जणांच्या खोलीत, बारा तासांची पाळी, हातात पगार, ओळखीचं कोणी नाही, ही नशेला फार सोयीची परिस्थिती आहे. मामी संध्याकाळी ताटावर वाट पाहणारी असेल तर पाठवा.

शाळा की काम?

चौदाच्या आत असेल तर शाळाच, कामाला लावणं बेकायदा आहे. चौदा ते अठरा वयात धोकादायक काम चालत नाही.

मोठ्या मुलांना जुन्या वर्गात परत बसायची शरम वाटते, ते समजून घ्या. दहावी राहिली असेल तर सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसता येतं, मुक्त विद्यालयाचाही रस्ता आहे. आयटीआयचे काही ट्रेड दहावी नापासालाही मिळतात. दाखला देताना शाळेने 'वर्तन' या रकान्यात काय लिहिलंय ते वाचा. एका मुख्याध्यापकांना आम्ही दोनदा भेटलो तेव्हा त्यांनी शेरा बदलला, आणि नंतर त्याच पोराला स्वतःहून आयटीआयचा फॉर्म आणून दिला.

कामाचं म्हणाल तर गॅरेज, वेल्डिंग, मोटार रिवाइंडिंग, ठिबकची फिटिंग यात पोरं रमतात. पंक्चरचं दुकान किंवा रंगकाम मात्र सोल्यूशन-थिनर ओढणाऱ्याला नको. पहिल्या महिन्यांत रोजचा पगार रोज हातात देऊ नका असं मालकाला सांगा, आठवड्याला द्या, आणि पोराला विचारून त्यातला भाग पोस्टात टाका. त्याला न विचारता पगार काढून घेतला तर तो काम सोडतो. हे जवळजवळ ठरलेलं आहे.

जुना 'दोस्त' दारात येतो. पोराला माल पोचवायला बोलावतो.

मुलाला नशेचा पदार्थ देणं आणि मुलाकडून तो विकून किंवा वाहून घेणं, दोन्हींसाठी बाल न्याय कायद्यात सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे. कलमं ७७ आणि ७८. पोराला पुढे करणारा मोठा माणूस हा गुन्हेगार, तुमचा पोरगा त्याने वापरलेला. पोलिसांकडे जाताना हीच भाषा वापरा. उघडपणे जायची भीती असेल तर १०९८ वर बोला, मुलांसाठीची हेल्पलाइन आहे, रात्रीही लागते. अमली पदार्थांची खबर १९३३ वर देता येते.

पोराने उधारीवर माल घेतलेला असतो, हेही एक कारण असतं. किती देणं आहे ते त्याला विचारा. तो घाबरून सांगत नाही आणि मग पाच हजारांपायी पुन्हा पिशवी उचलतो.

घरात बापच पितो. पोराला कोणत्या तोंडाने सांगायचं?

सांगू नका, दोघांना एकाच दिवशी ओपीडीला न्या. असं दोन घरांत झालं. एका घरात बाप टिकला आणि पोरगा घसरला, दुसऱ्यात उलट. पण दोन्ही घरांत भांडी आपटायची थांबली.

माळ घालण्याबद्दल विचारतात. पंढरीची माळ घालून सुटलेली माणसं आम्हाला माहीत आहेत आणि त्यांच्या श्रद्धेबद्दल आदरच आहे. गोळ्या चालू असतील तर माळेबरोबर गोळ्याही चालू ठेवा. भगताकडे नेऊन चटके देणं मात्र सरळ गुन्हा आहे.

अक्कलकुवा-धडगावच्या पाड्यावरचा पोरगा असेल तर?

त्याला भिली किंवा पावरी बोलणारा माणूस मंडळापुढे लागतो. मराठीत विचारलेल्या प्रश्नाला पोरगा नुसती मान हलवतो आणि ते कबुली म्हणून लिहिलं जाऊ शकतं. वकिलाला सांगून दुभाषी मागा. मोहाची दारू तिथल्या देवकार्यात असते, तिच्यावर व्याख्यान देऊन काही होत नाही. पाड्याच्या कारभाऱ्याने "या पोऱ्याला वर्षभर देऊ नका" एवढं म्हटलं तर पाडा ऐकतो, हे आम्ही पाहिलंय. बाकी उसतोडीला गुजरातेत गेलेल्या आईबापांना तारीख कळवायची व्यवस्था गावातल्या आशाताईकडे किंवा शिक्षकाकडे करून ठेवा.

मुलगी असेल तर?

मुली कमी येतात, पण येतात, आणि घरं त्यांना परत घ्यायला तयार नसतात. तिच्यावर अत्याचार झालाय का हे आधी तज्ज्ञ महिला समुपदेशकाने विचारायला हवं. लग्न लावून देणं हा उपाय नाही, अठराच्या आत तर तो गुन्हा आहे.

लग्नं, सण, आखाजी (अक्षय्य तृतीया). घराबाहेर सोडायचं की नाही?

सोडा, पण काम देऊन. आखाजीला आपल्याकडे गावोगाव पत्ते बसतात, दारू असते, त्या दिवशी कोणी कोणाला अडवत नाही. पोराला घरात बसवून ठेवलंत तर तो मागच्या भिंतीवरून जाईल. बहिणी माहेरी आलेल्या असतात, त्यांचे झोके बांधायचं काम त्याच्याकडे द्या. दोर आणायचा, फांदी पाहायची, लहान पोरांना झोके द्यायचे, संध्याकाळ होते. लग्नाच्या मिरवणुकीत त्याला डीजेपुढे एकटा सोडू नका, चुलतभावाला सांगून ठेवा. कानबाईच्या रोटांना (श्रावणातला आपल्याकडचा देवीचा सण) सगळी भाऊबंदकी जमते तेव्हा त्याला पंगतीत बसवायचं की नाही यावर कुजबुज होते. घरातल्या थोरल्या माणसाने आधीच, दोन दिवस अगोदर, फोन करून "तो येणार आहे" असं सांगून टाकावं. दारात वाद नको.

मीच तो पोरगा आहे. गावात सगळ्यांना माहीत आहे. मी परत येऊ का?

ये. तुझा जामीन किंवा आदेश तुला गावात राहायची परवानगी देतो ना, ते वकिलाकडून नीट समजून घे, आणि ये.

रात्रीच्या गाडीने चोरून येऊ नको. सकाळच्या एसटीने ये, स्टँडवर उतर, लोक बघतील तर बघू दे. कोणी काही बोललं तर उभं राहून उत्तर द्यायची गरज नाही. ज्याचं काही उचललं होतंस त्याच्या घरी एकट्याने जाऊ नको, मोठं माणूस बरोबर घे, आणि केस चालू असेल तर आधी वकिलाला विचार. जुन्या पोरांचे नंबर मोबाइलमधून काढ, सिम बदललं तर आणखी बरं. झोप लागणार नाही पहिले काही दिवस. आजीजवळ अंगणात खाट टाक. डॉक्टरांची तारीख कधी आहे ते भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिही, आणि कागदांची ती पिशवी बसमध्ये विसरू नको, मांडीवर ठेव.